थिरथिऱ्याला तारीख कोण सांगतं?

डिसेंबरात पारा उतरला की लोणारच्या सरोवराकाठून किंवा देऊळगाव महीजवळच्या खडकपूर्णा धरणावरून ‘थंडी वाढताच परदेशी पाहुण्यांचं आगमन’ ही बातमी हमखास येते. सोबतच्या फोटोत बहुधा रोहित असतो नाहीतर चित्रबलाक, आणि मजकुरात सायबेरिया. रोहित कच्छच्या रणात घरटी करतो, चित्रबलाक तर बारमाही भारतातलाच. पण पत्ता चुकला तर तो दुरुस्त करता येतो. या बातमीतली खरी चूक ‘थंडी वाढताच’ या दोन शब्दांत आहे.

ती पडताळायला धरणावर जायची गरज नाही, परसदार पुरे. बुलढाणा, चिखली, मेहकर या घाटावरच्या गावांत परसातल्या तुराट्या-पऱ्हाट्यांच्या ढिगावर किंवा विटांच्या भिंतीवर चिमणीएवढा एक पक्षी येऊन बसतो. नर काळा, पोट विटकरी; मादी मातकट. दर थोड्या वेळाने वाकून सलाम केल्यासारखा झुकतो आणि विटकरी शेपूट थरथरवतो. हा कृष्ण थिरथिरा. वजन जेमतेम पंधरा-सोळा ग्रॅम. त्याची वीण होते हिमालयाच्या वरच्या पट्ट्यात, तिबेटात, पामीर आणि तिएनशान पर्वतांत, झाडांची रेघ संपते त्याच्याही वर. तिथून निघून तो आपल्या भिंतीवर पोहोचतो तेव्हा कोणता महिना असतो? बहुतेकदा ऑक्टोबर. म्हणजे सोयाबीनची काढणी चाललेली असते आणि ऊन डोकं फोडत असतं. पांढरा धोबी त्याच्याही थोडा आधी दिसतो. भोरड्यांचे थवे तर अनेकदा ऑगस्टमध्येच येतात, ज्वारी अजून पोटरीवरही आलेली नसते. घाटाखाली मलकापूर-शेगावकडे तेव्हा पंखा बंद करायची सोय नसते. थंडी पक्ष्यांना इकडे आणत असती, तर हे सगळे दोन-तीन महिने उशिरा यायला हवे होते.

मग ते येतात कशाच्या हिशेबाने? याचं उत्तर शोधणाऱ्या माणसाचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी दिसलं नाही, म्हणून त्याची गोष्ट जरा सविस्तर सांगतो.

विल्यम रोवन हा कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवणारा प्राध्यापक. पक्ष्यांमागे रानोमाळ हिंडणं हे खरं शास्त्र नव्हे, असं त्याच्या विद्यापीठाच्या प्रमुखांचं मत होतं. तेव्हा रोवनने घरीच प्रयोग मांडला. 1924 च्या शरदात त्याने एडमंटनमध्ये दोन उघडे पिंजरे उभारले आणि जंको नावाच्या छोट्या स्थलांतरी पक्ष्यांची दोन गटांत वाटणी केली. दोन्ही पिंजऱ्यांना थंडी सारखीच, दाणापाणीही सारखं. फरक एवढाच, की एका पिंजऱ्यात त्याने विजेचे दिवे लावले आणि संध्याकाळ रोज काही मिनिटांनी लांबवत नेली. बाहेर दिवस आखडत होता, या पिंजऱ्यात मात्र तो वाढत होता.

एडमंटनचा हिवाळा म्हणजे पारा शून्याखाली चाळीस अंशांपर्यंत जाऊ शकतो. अशा गारठ्यात, बर्फाने वेढलेल्या पिंजऱ्यात, दिव्याखालचे जंको डिसेंबरच्या सुमारास वसंतातल्यासारखे गाऊ लागले. त्यांची प्रजननग्रंथीही वसंतात वाढावी तशी वाढलेली निघाली. शेजारच्या पिंजऱ्यातल्या पक्ष्यांत तसलं काही नव्हतं. सोडून दिल्यावर दिव्याखालचे बरेच पक्षी निघून गेले, बिनदिव्याचे तिथेच घुटमळले. 1925 मध्ये ‘नेचर’मध्ये त्याचा लेख आला. पुढे त्याने हाच प्रयोग शेकडो कावळ्यांवर केला, सोडताना त्यांच्या शेपट्या पिवळ्या रंगवल्या आणि पिवळ्या शेपटीचा कावळा दिसला तर कळवा, असं लोकांना आवाहन केलं. प्रयोगशाळेत सामान्य माणसाला असं भागीदार करून घेणं मला त्याच्या निष्कर्षाइतकंच मोलाचं वाटतं.

दिवस-रात्रीच्या लांबीचा सजीवांवर होणारा परिणाम म्हटलं की आपल्याकडे गार्नर आणि अ‍ॅलार्ड यांच्या 1920 च्या तंबाखूवरच्या प्रयोगाचं नाव सांगितलं जातं. त्यांचं श्रेय त्यांना आहेच. पण स्थलांतर आणि उजेड यांची गाठ प्रयोगाने बांधली ती रोवनने. आज अंड्यांच्या कोंबड्या पाळणारा शेतकरी हिवाळ्यात शेडमधले दिवे पहाटेपासून लावून ठेवतो, तेव्हा तो याच नियमावर व्यवसाय करत असतो. जपानात तर पिंजऱ्यातले पक्षी भर हिवाळ्यात गावेत म्हणून संध्याकाळी त्यांच्यासमोर दिवा ठेवायची पद्धत शेकडो वर्षांची आहे. कारण माहीत नव्हतं, कृती माहीत होती.

बरं, हा उजेड पक्षी मोजतो कुठे? डोळ्यांनी, असंच कुणीही म्हणेल. 1930 च्या दशकात फ्रान्समध्ये जाक बेन्वाने बदकांवर प्रयोग करून दाखवलं, की डोळे निकामी असले तरी उजेड वाढल्यावर शरीर प्रतिसाद देतं. पुढे अमेरिकेत मायकेल मेनेकरने चिमण्यांच्या डोक्याच्या कातडीखाली काळी शाई टोचली. कवटीतून आत जाणारा उजेड अडला आणि प्रतिसाद मंदावला. पक्ष्याच्या मेंदूत खोलवर उजेड टिपणाऱ्या पेशी आहेत. पिसं, कातडी आणि पातळ हाड यांतून झिरपून येणाऱ्या प्रकाशावर त्या दिवसाचा हिशेब ठेवतात. हे प्रयोग क्रूर होते, आज त्यांना सहजी परवानगी मिळणार नाही. पण भिंतीवरच्या थिरथिऱ्याकडे बघताना त्याच्या कवटीतून ऊन आत उतरतंय हे ठाऊक असणं, यासारखा आनंद मला दुसरा माहीत नाही.

या कामात भारताचाही ठळक वाटा आहे. हिवाळ्यात आपल्याकडच्या ज्वारीच्या पिकावर काळ्या डोक्याचे भारीट उतरतात. पिवळ्या पोटाचा हा पक्षी उत्तरेकडून नव्हे, पश्चिमेकडून येतो. त्याची वीण बाल्कन देशांपासून तुर्कस्तान, इराणपर्यंत होते. 1980 च्या दशकात बनारस हिंदू विद्यापीठात पी. डी. तिवारी आणि विनोद कुमार यांनी याच भारिटांवर काम केलं. आठ तासांचा दिवस दिला की पक्षी जसेच्या तसे राहत. पंधरा-सोळा तासांचा दिला की काही आठवड्यांत अंगावर प्रवासाची चरबी चढे. ज्वारी खातो म्हणून ज्याला आपण हाकलतो, त्याच्यावर जगभर वाचलं जाणारं संशोधन झालं आहे, हे आपल्या शेतकऱ्याला कुणीतरी सांगायला हवं.

उजेडच का, थंडी का नाही? कारण थंडी लहरी असते. तिएनशानमध्ये पहिल्या बर्फाची वाट पाहणाऱ्या थिरथिऱ्याचे किडे तोवर मेलेले असणार. मग चरबी कशावर साठवायची? दिवसाची लांबी मात्र चुकत नाही. बुलढाण्यात 21 जूनचा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा आणि 22 डिसेंबरचा पावणेअकराच्या जरा वरचा, दरवर्षी तेवढाच. निघायचा नेमका दिवस वारा, ढग आणि पोट यांवर ठरतो आणि शरीरातलं वार्षिक घड्याळही असतंच, पण हंगाम ठरवतो तो प्रामुख्याने उजेड.

इथे आल्यावर मात्र थंडीशी गाठ आहेच. घाटावर पहाटे पारा कधीकधी दहाच्या खाली जातो. पक्ष्याचं अंग सुमारे 41 अंशांचं, म्हणजे बाहेरच्या हवेशी तीस अंशांचा फरक, आणि तो राखायचा पंधरा ग्रॅमच्या देहाने. म्हणून सकाळी सातच्या फोटोतला बुलबुल चेंडूसारखा गोल दिसतो आणि तोच दुपारच्या फोटोत सडपातळ. अनेक जण त्याला आजारी समजतात. खरं तर त्याने पिसं फुलवून त्यांच्यात हवा कोंडलेली असते. जोडीला छातीचे स्नायू थरथरवून तो ऊब तयार करतो. पायांत उतरणारं गरम रक्त वर येणाऱ्या थंड रक्ताला वाटेतच उष्णता देतं, त्यामुळे उघडे पाय गार राहतात आणि अंग नाही. एक पाय पोटात घेऊन बसलेला पक्षी त्या पायाचीही उष्णता वाचवत असतो.

फोटो काढणाऱ्यांना हिवाळा फार देतो. डिसेंबरात बुलढाण्यात भर दुपारीही सूर्य 48 अंशांच्या वर चढत नाही, त्यामुळे उजेड तिरपा येतो आणि पक्ष्याच्या डोळ्यात चमक पडते. मे महिन्यात तोच डोळा सावलीत बुडतो. तरी दहाच्या आत काम उरका. टिनपत्रे आणि डांबर तापले की हवा लहरते आणि महागडी लेन्सही फोटो धूसर देते. थिरथिऱ्याचा नर काळा असल्याने कॅमेरा त्याला उजळ करायला जातो, म्हणून एक्स्पोजर थोडं खाली घ्या. स्वयंपाकघराची खिडकी ही उत्तम लपणजागा आहे. माणूस घरात असला की पक्षी निर्धास्त असतो.

एक विनंती कळकळीची आहे. सकाळचा पहिला तास हा रात्रीत जळलेली चरबी भरून काढायचा असतो. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला समोर बोलावणं, त्याच्यामागे भिंतीभिंतीने धावणं, हे त्या पंधरा ग्रॅममधून वजा होतं. थिरथिरा दाणे टिपायला येत नाही, त्याला किडे हवेत. परसात फवारणी टाळा, पालापाचोळा एका कोपऱ्यात राहू द्या, पसरट कुंडीत पाणी ठेवा.

आणि तारीख लिहा. हॉलंडमध्ये क्रिस्टियान बोथ आणि मार्सेल व्हिसर यांनी 2001 मध्ये दाखवलं, की हवामान तापल्यामुळे वसंत लवकर येऊ लागला, पण आफ्रिकेतून परतणारा एक माशीमार आपली निघायची वेळ त्या प्रमाणात बदलू शकला नाही. अळ्यांचा बहर आधीच ओसरू लागला, आणि जिथे तो सर्वांत लवकर ओसरे तिथे या पक्ष्यांची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी घटली. त्यांना हे कळलं ते तिथे वर्षानुवर्षांच्या तारखा टिपलेल्या होत्या म्हणून. आपल्या जिल्ह्यात धरणांवर दुर्बिणी पोहोचतात, परसापर्यंत क्वचितच. तुमच्या मोबाइलमधल्या प्रत्येक फोटोवर तारीख-वेळ आपोआप पडलेली असते. थिरथिऱ्याचा या हंगामातला पहिला फोटो आणि मार्च-एप्रिलमधला शेवटचा, एवढे दोन जपा, गावाच्या नावासह ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका, आणि फेब्रुवारीत होणाऱ्या परसातल्या पक्षीगणनेत पंधरा मिनिटं द्या. घाटावर आणि घाटाखाली तो एकाच आठवड्यात येतो का, हे आपल्याच दहा-वीस घरांच्या नोंदींतून कळू शकतं. या ऑक्टोबरपासून सुरुवात करा.