बदलाच्या काळातील मार्गदर्शक

दिनांक २८ मे २०२१ रोजी उल्हासनगर येथील 'साई शक्ती' या इमारतीचा स्लॅब कोसळून सात रहिवाशांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात शहरातील आणखी एका इमारतीत अशीच दुर्घटना घडली होती. तरीही महापालिकेची नोटीस हाती पडल्यावर अनेक कुटुंबे घर सोडण्यास कचरतात. अशा वेळी लोकांना धीर देऊन पुढे नेण्याची जबाबदारी कोणावर असते व ती कशी पार पाडावी, याचा विचार उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसरातील आपण सर्वांनी करावयास हवा.

घर न सोडणाऱ्यास हटवादी म्हणणे सोपे आहे. परंतु माणसाला बदलाचे जेवढे भय वाटते, त्याहून अधिक भय हातचे गमावण्याचे वाटते. उल्हासनगरात त्याला कारणही आहे. येथील असंख्य बांधकामे अनधिकृत ठरली होती व ती नियमित करण्यासाठी राज्य शासनाला २००६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. इमारत पाडल्यावर कोणत्या कागदाच्या आधारे नवे घर मिळेल, ही शंका म्हणूनच रास्त आहे. तिचे उत्तर न देता केवळ धोक्याची भीती घातल्यास लोक आणखी घट्ट बिलगून बसतात.

या शहराचा जन्मच एका मोठ्या स्थित्यंतरातून झाला आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीतील बराकींत आश्रय मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते येथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली व उल्हास नदीवरून त्याचे नामकरण झाले. छावणीत माणूस दिवस काढतो, नगरात मात्र तो संसार मांडतो. मागचे काय संपले व पुढे काय सुरू होत आहे, हे त्या एका कृतीतून सर्वांना कळले. त्याच वेळी आपली भाषा, सण व श्रद्धास्थाने लोकांनी जपली आणि लहानमोठे उद्योग उभारले. जुन्या छावणीची खूण 'कॅम्प नंबर' या पत्त्यात अजूनही टिकून आहे.

आजच्या मार्गदर्शकाने यावरून काय घ्यावे?

पहिली गोष्ट म्हणजे सत्य स्पष्ट सांगणे. 'सी-१' वर्गातील इमारत तातडीने रिकामी करून पाडावयाची असते, तर 'सी-२ बी' वर्गातील इमारतीची दुरुस्ती रहिवासी आत असतानाही करता येते. संरचनात्मक तपासणीचा अहवाल सर्वांसमोर सोप्या मराठीत वाचून दाखवावा.

दुसरी गोष्ट, हक्काची लेखी नोंद. घर रिकामे करण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाच्या चटई क्षेत्राची मोजणी करून तिची प्रत त्यांच्या हाती द्यावी.

तिसरी गोष्ट, मधल्या काळाची तरतूद. भाड्याचे घर कोठे, मुलांच्या शाळेचे काय, आजारी वृद्धांना कोण नेणार, या प्रश्नांची उत्तरे निघण्याच्या दिवसापूर्वीच तयार असावीत.

चौथी गोष्ट, विरोध करणाऱ्याचे ऐकून घेणे. अनेकदा इतरांच्या मनातील अडचण तोच बोलून दाखवीत असतो.

हे काम केवळ नगरसेवकाचे किंवा सोसायटीच्या अध्यक्षाचे नव्हे. आपल्या धर्मग्रामातील कार्यकर्ते, महिला मंडळे व तरुणही कागदपत्रे जुळविण्यास आणि एकाकी वृद्धांसोबत उभे राहण्यास पुढे येऊ शकतात. इमारत रिकामी झाली की गर्दी पांगते, सभा थांबतात. खऱ्या नेतृत्वाची कसोटी त्यानंतर लागते. विखुरलेल्या प्रत्येक कुटुंबाची दरमहा विचारपूस करणारा आणि शेवटच्या कुटुंबाच्या हाती नव्या घराची किल्ली पडेपर्यंत पाठपुरावा सोडत नाही, तोच लोकांचा खरा मार्गदर्शक होय.