डॅशहाउंडचं पिल्लू आणि कोल्हापुरीचा अंगठा

‘लहान जात आहे, फ्लॅटमध्ये त्रास नाही’ असं ऐकून लोक डॅशहाउंड घरी आणतात. महिनाभरात सोफ्याचा कोपरा, पायपुसणं आणि चार्जरची वायर यांचा फडशा पडतो. उंची कमी म्हणजे अंगात रग कमी, हा पहिला गैरसमज. जर्मनीत डॅशहाउंड तयार केला तो बिळात शिरून बॅजरशी झुंजायला. इंग्लंडमधला जॅक रसेल टेरिअर कोल्ह्याला बिळातून हुसकायला. उकरणं, ओढणं, फाडणं हा यांचा पिढीजात धंदा. बीळ नसलं तर उशीही चालते.

‘कॅल्शियम कमी पडतंय, म्हणून चावतो.’ हा सल्ला सोसायटीच्या बागेत फुकट मिळतो. खरी भानगड बहुधा दातांची असते. पिल्लाचे 28 दुधाचे दात चौथ्या महिन्याच्या आसपास पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत 42 पक्के दात येतात. हिरड्या शिवशिवतात, काहीतरी चावलं की बरं वाटतं. पिल्लांसाठीचं चांगलं तयार खाणं चालू असेल तर वरून सिरप कशाला? कोवळ्या पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडवता येत नाही आणि त्याने हाडांची वाढ बिघडू शकते. घरचंच जेवण देत असाल, तर मात्र पशुवैद्यांना विचारून ठरवा. सहाव्या महिन्यात तोंडही एकदा नीट पाहावं. लहान जातींत दुधाचा सुळा न पडताच शेजारी पक्का उगवतो. असे जोडसुळे दिसले तर डॉक्टर गाठा.

दात आले की चावणं थांबेल, हीही आशाच. आठेक महिन्यांचं कुत्रं वयात येत असतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात या वयाची कुत्री आपल्या माणसाला जुमानत नव्हती. परक्याने ‘बस’ म्हटलं की बसत होती. आईबापांना हे नवं नाही.

सगळ्यांत चिवट गैरसमज म्हणजे ‘त्याला कळतं, बघा कसा चेहरा करतो!’ संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये हेच तपासलं. मना केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला की नाही, याबद्दल मालकांना कधी खरं, कधी खोटं सांगितलं. ओशाळा चेहरा दिसला तो मालक रागावल्यावर, आणि बिनगुन्ह्याचा ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांत तर जास्तच. म्हणजे संध्याकाळी घरी येऊन दुपारच्या उशीबद्दल रागावलात, तर तुम्ही दारातून आलात की भ्यायचं असतं, एवढंच ते शिकतं.

आता समजा, पिल्लू कोल्हापुरी तोंडात धरून दिवाणाखाली शिरलंय. अंगठ्याची शिवण पुढच्या दातांनी कुरतडत एक डोळा तुमच्यावर ठेवलाय. धावलात की शिवाशिवीचा खेळ सुरू झाला. हिसकावलीत, तर पुढच्या वेळी गुरगुरेल. उकडलेल्या चिकनचा तुकडा त्याच्या नाकापाशी न्या, ‘सोड’ म्हणा, चप्पल सुटली की तुकडा द्या. मग ती चप्पल उंचावर ठेवा, हे मुख्य. ‘ही जुनीच आहे, चावू दे’ हा उदारपणा महागात पडतो, कारण जुनी कुठली आणि लग्नातली कुठली हे त्याला कळत नाही. दोन्ही चामड्याच्या, दोन्हींना तुमच्या पायाचा वास.

सोफ्याला मिरची लावण्याचा उपाय तर आधी बंद करा. डोळ्यानाकाची आग होते, आणि सोफा तुमचाच असतो. चावायला शिजवलेलं हाडही नको, त्याच्या कपच्या आतडं फाडतात. बोटाच्या नखाने ज्यावर खूण उमटत नाही, त्या वस्तूने दात तुटू शकतो. रबरी खेळण्यात भात-चिकन भरून फ्रीजरमध्ये गार केलेलं उत्तम.

‘पळवून पळवून दमवा’ हेही अर्धसत्यच. पिल्लाला दिवसात अठरा-वीस तास झोप लागते. ती मोडली की ते उलट पिसाळल्यासारखं चावत सुटतं. डॅशहाउंडच्या लांब पाठीला जिने आणि सोफ्यावरच्या उड्याही झेपत नाहीत. त्यापेक्षा जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत खाणं लपवून हुंगायला लावा. दहा मिनिटांत गडी आडवा.

चपलेचं नुकसान परवडतं. मनुका, डांबरगोळी, झायलिटॉल असलेलं शुगर-फ्री च्युइंगगम पोटात गेलं, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखान्यात न्या. मोजा गायब आहे आणि पिल्लू ओकतंय, तर तेव्हाही लगेच.