विद्युतभारित जलबिंदूचे संगणकीय सदृशीकरण : उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना :
द्रव्यमान वर्णपटमितीत (मास स्पेक्ट्रोमेट्री) रेणूचे वस्तुमान मोजावयाचे असल्यास तो वायुरूप आणि विद्युतभारित असावा लागतो. प्रथिनासारखा मोठा रेणू तापविल्यास वायुरूप होण्यापूर्वीच मोडतो. जॉन फेन यांनी विद्युत-फवारा (इलेक्ट्रोस्प्रे) पद्धतीने ही अडचण दूर केली. या कार्याबद्दल 2002 च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शिबदास बॅनर्जी व श्यामलव मजुमदार यांनी 2012 मध्ये या तंत्राचा आढावा घेतला. या तंत्रातून रेणुभारापलीकडची माहितीही मिळते, हा त्या आढाव्याचा विषय होय. मात्र ती माहिती ग्राह्य धरण्यासाठी अखेरच्या जलबिंदूत प्रथिनाचे काय होते, हे कळणे आवश्यक ठरते.

रॅले मर्यादा :
थेंबातील पाणी उडून जाते, विद्युतभार मात्र मागे राहतो. पृष्ठताण थेंबाला एकत्र धरतो, तर समान भारांचे प्रतिसारण त्याला फोडू पाहते. लॉर्ड रॅले यांनी 1882 मध्ये या दोहोंच्या समतोलाची मर्यादा सांगितली. ही मर्यादा त्रिज्येच्या दीड घाताच्या प्रमाणात बदलते. त्यानुसार 1 मायक्रोमीटर त्रिज्येचा जलबिंदू सुमारे 1,25,000 मूलभार पेलतो, तर 3 नॅनोमीटर त्रिज्येचा केवळ 20 च्या आसपास.

दोन मते व सदृशीकरण :
पाणी पूर्ण आटल्यावर उरलेला भार रेणूवर राहतो, असे माल्कम डोल यांनी 1968 मध्ये मांडले. इरिबार्ने व थॉमसन यांनी 1976 मध्ये आयन थेंबाच्या पृष्ठभागावरूनच बाहेर पडतात, असे प्रतिपादन केले. इतक्या लहान थेंबातील घडामोड उपकरणाने प्रत्यक्ष पाहता येत नसल्याने हा वाद दीर्घकाळ चालला.
रेण्वीय गतिकीच्या सदृशीकरणात (सिम्युलेशन) प्रत्येक अणूवरील बल काढून न्यूटनच्या नियमानुसार त्याची पुढील जागा ठरवितात. 3 नॅनोमीटर त्रिज्येच्या थेंबात सुमारे 3,800 जलरेणू असतात. ही संख्या संगणकाच्या आवाक्यातील आहे. कॅनडातील लार्स कॉनरमन यांच्या गटाने केलेल्या अशा अभ्यासांतून दोन्ही मते आपापल्या क्षेत्रात योग्य असल्याचे दिसते. लहान आयन पृष्ठभागावरून निसटतात. घडी असलेले प्रथिन पाणी आटेपर्यंत थेंबात राहते. उलगडलेली प्रथिनशृंखला मात्र एका टोकाकडून क्रमाने बाहेर फेकली जाते व अधिक भार घेऊन जाते. म्हणूनच वर्णपटातील भारसंख्येवरून द्रावणातील प्रथिनाच्या घडीविषयी अनुमान करता येते.

मर्यादा :
सदृशीकरणातील पाणी हे पाण्याचे गणिती प्रारूप असते. प्रत्यक्ष पाण्याचा पृष्ठताण 25 अंश सेल्सिअसला मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन आहे. प्रचलित ‘टिप-3-पी’ प्रारूपात तो 52 च्या जवळ, तर ‘टिप-4-पी/2005’ मध्ये 69 च्या जवळ येतो. पहिले प्रारूप वापरल्यास वरील लहान थेंबाची मर्यादा 20 वरून 17-18 मूलभारांवर घसरते. म्हणजे थेंब वेळेआधीच भार गमावू लागतो. दुसरी मर्यादा अशी की, सामान्य अभिजात सदृशीकरणात बंध तुटत वा जुळत नाहीत. त्यामुळे एका जलरेणूवरून दुसऱ्याकडे जाणाऱ्या प्रोटॉनऐवजी अनेकदा सोडियम आयन वापरावे लागतात.

समारोप :
सदृशीकरण प्रयोगाला पर्याय नव्हे. प्रयोगाला न दिसणारा टप्पा ते दाखविते, परंतु त्याची विश्वासार्हता निवडलेल्या प्रारूपावर अवलंबून असते. म्हणून निष्कर्षापूर्वी प्रारूपाचा पृष्ठताण तपासणे हे पहिले कर्तव्य होय. द्रव्यमान वर्णपटमापक विकत घेणे गंगापूरसारख्या तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयास सहजशक्य नाही. ‘ग्रोमॅक्स’ ही संगणकप्रणाली मात्र विनामूल्य आहे. काही हजार जलरेणूंचा थेंब घेऊन वरील तपासणी साध्या संगणकावरही करता येते. वेळ तेवढा अधिक लागतो. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन पदव्युत्तर प्रकल्प म्हणून हा विषय घेतल्यास विद्यार्थ्यांना संगणकाच्या उत्तरावर विश्वास कधी ठेवावा, याचाही अभ्यास घडेल.