तांबे, पोषणातील

मानवी शरीरास अत्यल्प प्रमाणात, परंतु नियमितपणे लागणारे एक खनिज द्रव्य. प्रौढ व्यक्तीच्या शरीरात ते सु. १०० मिग्रॅ. असते. हीमोग्लोबिन (रक्तारुण) तयार होण्यास लोहाबरोबर तांबेही आवश्यक असते, हे ई. बी. हार्ट व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात उंदरांवर प्रयोग करून १९२८ मध्ये दाखविले.

कार्य : कित्येक एंझाइमांचा (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनांचा) तांबे हा घटक आहे. पेशींतील ऊर्जानिर्मिती, केस व त्वचा यांतील रंगद्रव्याची उत्पत्ती आणि हाडे व रक्तवाहिन्या यांची बळकटी ही या एंझाइमांवर अवलंबून असतात. रक्तद्रवातील सेरुलोप्लाझ्मिन हे ताम्रयुक्त प्रथिन लोहाच्या वहनास मदत करते.

गरज व न्यूनता : प्रौढास दररोज सु. १ ते २ मिग्रॅ. तांबे पुरेसे होते. यकृत, कालवे, तीळ, काजू व डाळी यांतून ते भरपूर मिळते. दुधात मात्र फार कमी असते. संमिश्र आहार घेणाऱ्यांत न्यूनता क्वचितच आढळते. दीर्घकाळ जस्ताचे अतिसेवन केल्यास तांब्याचे शोषण घटून पांडुरोग व तंत्रिका विकार उद्‌भवतात.

अतिरेक : जादा तांबे यकृताकडून पित्तावाटे बाहेर टाकले जाते. एस. ए. के. विल्सन यांनी १९१२ मध्ये वर्णन केलेल्या आनुवंशिक रोगात हे उत्सर्जन बिघडून तांबे यकृत व मेंदू यांत साचते. तान्ह्या बालकांतही ही उत्सर्जनक्षमता अपुरी असते. भारतात पूर्वी सु. १ ते ३ वर्षे वयाच्या बालकांत यकृत कठीण होत जाणारा एक घातक सूत्रण रोग आढळत असे. पुणे येथे १९८० नंतरच्या दशकात झालेल्या अभ्यासांत, अशा बालकांना अगदी लहान वयात वरचे दूध सुरू केलेले असून ते बहुधा तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापविले वा साठविले जात होते, असे आढळले. दुधातील केसीन हे प्रथिन भांड्याचे तांबे धरून ठेवते. काही बालकांत आनुवंशिक प्रवणताही असावी. पेनिसिलामीन हे औषध लवकर दिल्यास गुण येतो. स्टेनलेस स्टीलची भांडी रूढ झाल्यावर हा रोग दुर्मिळ झाला.

स्वभावतः तांबे अत्यल्प असलेले दूध केवळ भांड्यामुळे बालकास अपायकारक ठरू शकते. म्हणून कल्हई नसलेल्या अथवा कल्हई झिजलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत बालकाचे दूध तापवू वा ठेवू नये. आंबट पदार्थांतही तांबे सहज उतरत असल्याने सर्वांनीच ते अशा भांड्यांत ठेवण्याचे टाळावे.