नवस सुटला, प्रार्थना उरली

बरी होऊन घरी परतले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "देवाची कृपा, बाई." मी हात जोडायचे. मनात मात्र शेजारच्या खाटेवरची, बिहारमधल्या सिवानची पोर असायची. तिच्यावर कृपा का झाली नाही?

परळच्या टाटा रुग्णालयात माझ्या स्तनाच्या कर्करोगावर उपचार झाले. ऑपरेशन, किमो, मग रेडिएशन. मुक्काम दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत. त्याआधीची माझी भक्ती रोखीच्या व्यवहारासारखी होती. संकष्टी, पारायणं, नवस आणि त्या बदल्यात घरादाराचं भलं. लाल रंगाच्या औषधाची किमो सुरू झाली, तोंड सोललं, लघवीसुद्धा लाल होऊ लागली, तेव्हा मी विठोबावर चिडले. इतकं सगळं केलं, मग मलाच का? उत्तर आलं नाही.

एका रात्री उलट्या थांबेनात. त्या पोरीची आई उठली, माझ्यापुढे भांडं धरलं, पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला मराठी येत नव्हतं, माझं हिंदी शाळेपुरतं. तिची स्वतःची लेक हातातून निसटत होती आणि ती माझी पाठ चोळत होती. पहाटे मी तिच्या लेकीसाठी देवाकडे मागणं मागितलं. बदल्यात काही कबूल केलं नाही, स्वतःसाठी काही मागितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी अशी प्रार्थना केली. पुढे ती पोर गेली. प्रार्थना मात्र माझ्यापाशी राहिली, आणि ती फळली नाही म्हणून खोटी होती, असं मला आजही वाटत नाही.

अशा बदलाचा अभ्यास झालेला आहे, हे मला नंतर वाचनातून कळलं. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या शार्लट इथल्या शाखेतले मानसशास्त्रज्ञ रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅलहून यांनी 1996 मध्ये 21 विधानांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. मोठ्या आघातानंतर माणसात होणारे बदल ते पाच अंगांनी पाहतात: इतरांशी नातं, नव्या वाटा, स्वतःचं बळ, आयुष्याचं मोल आणि अध्यात्म. त्यांचं म्हणणं मला पटलं, कारण ते आजाराचे गोडवे गात नाहीत. आघात माणसाला आपोआप वाढवत नाही. ज्या समजुतींवर आपण जगत होतो त्या मोडतात, मग माणूस झगडून नव्या उभ्या करतो. वाढ होते ती त्या झगड्यातून. दुःख, भीती तिच्या सोबतीनेच राहतात. फॉलोअपची तारीख जवळ आली की माझी झोप अजून उडते.

प्रत्येकाची अशी वाढ होतेच असं नाही, आणि झाली नाही तर तो कमी पडला असंही नाही. "आजारानं तुला काहीतरी शिकवलं असेल" हे वाक्य मला क्रूर वाटतं. सलाइन लावलेल्या माणसाकडून शहाणपणाची वसुली कशाला? संकष्टी मी अजूनही करते. नवस सोडले.

तुमच्या ओळखीत कुणी उपचार घेत असेल तर पोथी, अंगारा जरूर न्या. पण आधी डबा न्या, एखाद्या रात्रीची सोबत करा. आणि ते माणूस देवावर चिडून बोललं, तर त्याला गप्प करू नका. शेवटपर्यंत ऐकून घ्या.