विजेच्या कारागिराची मेणबत्ती

६ डिसेंबर. आपल्याकडे या तारखेला पावलं चैत्यभूमीकडे वळतात. फिनलंडमध्ये हा स्वातंत्र्यदिन असतो. १९१७ साली याच दिवशी त्या देशाने रशियाशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. हेलसिंकीत सूर्य दुपारी सव्वातीनच्या सुमारासच मावळतो, आणि संध्याकाळी सहा वाजता घरोघरी खिडकीत दोन मेणबत्त्या लागतात.

त्या मेणबत्त्यांखाली काय असतं, हा प्रश्न संग्राहकांना हल्ली फार पडतो. कारण जुन्या फिनिश पितळेचा बाजार गेली काही वर्षं चांगलाच तापला आहे, आणि तिथे सगळ्यात वजनदार नाव आहे पाव्हो ट्युनेल यांचं.

गंमत अशी की हा माणूस विजेच्या दिव्यांचा. १८९० साली हेलसिंकीत जन्मलेले ट्युनेल पत्र्याचं काम शिकून वर आले. १९१८ मध्ये, देश यादवीत होरपळत असताना, त्यांनी चार-दोन जणांना बरोबर घेऊन ‘ताइतो’ ही धातुकामाची कंपनी काढली. पुढे वास्तुविशारद आल्व्हार आल्तोच्या पायमिओ सॅनेटोरियमचे दिवे इथेच घडले. न्यूयॉर्कच्या फिनलंड हाउससाठी आणि संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांच्या दालनासाठी ट्युनेल यांनीच दिवे केले. पितळी पत्र्याला बारीक भोकं पाडायची आणि आतला प्रकाश झिरपू द्यायचा, ही त्यांची सही. अशा माणसाने मेणबत्तीसाठी शमादान कशाला करावं?

माझ्या मते त्यांची खरी परीक्षा तिथेच आहे. झुंबरात लपायला जागा भरपूर असते: फुलं, पानं, हिमकणांच्या नक्ष्या, डझनभर बल्ब. शमादानात मेणबत्तीची खोबण, ओघळणारं मेण झेलणारी बशी आणि तोल सांभाळणारं बूड. याउपर काही नाही. सजावट फार केली तर ज्योत बिचारी मागे पडते. लेथवर फिरत्या साच्यावर पत्रा दाबून काढलेल्या बशीची कड जाड राहिली, किंवा डाख नीट बसला नाही, तर तो दोष झाकायला दुसरं काहीच नसतं. आणि पितळ निवडण्यामागे नुसती हौस नव्हती. तांबं आणि जस्ताचा हा मिश्रधातू पातळ ओढता येतो, गंजत नाही, आणि ज्योतीचा पिवळा उजेड पिवळाच राखून परत फेकतो. ज्या देशाच्या उत्तर टोकाला हिवाळ्यात जवळजवळ दोन महिने सूर्य उगवतच नाही, तिथे मेणबत्तीखालचा हा चकाकता पत्रा म्हणजे फुकटातला जास्तीचा दिवा.

महायुद्धानंतर फिनलंडला सोव्हिएत संघाला ३० कोटी डॉलरची भरपाई द्यायची होती. ती १९५२ मध्ये एकदाची फिटली. धातू-उद्योगाचा मोठा भाग त्याच कामाला जुंपलेला. भरपाईच्या त्याच वर्षांत ट्युनेल यांचं पितळ अमेरिकेत वाहवा मिळवत होतं. लवकरच ‘ताइतो’ इडमान कंपनीकडे गेली. १९७३ मध्ये ट्युनेल वारले.

आता बाजाराबद्दल. झुंबरांच्या किमती सामान्य माणसाने विचारूच नयेत, म्हणून ओढा शमादानांकडे, आणि ओढा आला की हात दाखवणारेही आले. ‘ट्युनेल यांच्या धाटणीचं’ असं लिहून जे विकलं जातं, ते मी तरी ‘कुणाचं ते माहीत नाही’ असंच वाचतो. भोकं पाडलेलं पितळ त्या काळात उत्तर युरोपात अनेकांनी केलं. त्यातलं काही सुरेखही आहे, पण त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या नावाने ठरावी. ट्युनेल यांच्या काही दिव्यांच्या अधिकृत नव्या आवृत्त्या डॅनिश कंपनी ‘गुबी’ काढते. नवं ते नवं म्हणून घ्यायला हरकत काहीच नाही.

जुनं हाती लागलंच तर आधी उलटं करून बुडाचा शिक्का पाहा. आणि चिंच-मीठ घेऊन घासायला बसू नका. आंबट पदार्थाने पितळातलं जस्त सुटतं आणि पृष्ठभागावर लालसर डाग उमटतात. खोबणीतलं मेण सुरीने खरवडण्याऐवजी कोमट पाण्याने मऊ करून काढावं. फार घासलं की शिक्के पुसट होतात. मग लिलावात अशा वस्तूंना भाव पडून मिळू शकतो.