चार विसा म्हणजे ऐंशी, फ्रेंचमध्येसुद्धा!

दोस्तांनो, घरात जुन्या वळणाचे आजी-आजोबा असतील तर त्यांना विचारून बघा, 'ऐंशी म्हणजे किती विसा?' उत्तर येईल, 'चार विसा!' पूर्वी खेड्यापाड्यांतून कितीतरी वस्तू अशाच विसावर मोजत. आता गंमत ऐका. पॅरिसमधल्या दुकानदाराला ऐंशी म्हणायचं असेल, तर तो म्हणतो, 'कात्र व्हँ'. 'कात्र' म्हणजे चार आणि 'व्हँ' म्हणजे वीस. झाले की नाही चार विसा? आणि नव्वद म्हणजे 'कात्र व्हँ दीस', चार विसा दहा!

ही गंमत सांगायचं कारण आहे. हिंगोली जिल्ह्यातला वारंगा फाटा तुमच्यापैकी अनेकांनी एस.टी.च्या खिडकीतून पाहिला असेल. इथून एक रस्ता आखाडा बाळापूर, कळमनुरीवरून हिंगोलीला जातो, एक अर्धापूरवरून नांदेडला आणि एक हदगाव, उमरखेडवरून यवतमाळ-नागपूरकडे. बारावीचा निकाल लागला की घरोघरी असाच फाटा येतो. डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षक, पोलीस भरती... या पाट्या ओळखीच्या असतात. 'विद्यापीठात फ्रेंच शिकायचं' अशी पाटी मात्र तिथे सहसा नसते. कुणी तसं म्हणालंच, तर लगेच तीन प्रश्न समोर येतात. 'इंग्रजीचंच जमेना, त्यात फ्रेंच?' 'ती शहरातल्या पोरांची भाषा, आपल्याला काय करायची?' आणि शेवटचा, 'त्यानं पोट भरेल का?' तिन्ही प्रश्न खरे आहेत. म्हणून एकेक बघू या.

मराठी मदतीला येते

इंग्रजीत आजोबाही 'यू' आणि धाकटा भाऊही 'यू'. फ्रेंचमध्ये तसं चालत नाही. मित्राला 'त्यू' म्हणायचं, गुरुजींना 'व्हू'. म्हणजे आपले 'तू' आणि 'तुम्ही'च! आपण 'चांगला मुलगा' आणि 'चांगली मुलगी' म्हणतो. फ्रेंच माणूसही 'बों गार्सों' आणि 'बॉन फीय' असं विशेषण बदलतो. आपल्याकडे लिंगं तीन, त्यांच्याकडे दोनच. त्यामुळे आपलं नपुंसकलिंगी टेबल तिकडे स्त्रीलिंगी होतं आणि पुस्तक पुल्लिंगी!

अवघड काय, तर स्पेलिंग आणि उच्चार. शब्दाच्या शेवटची अक्षरं बऱ्याचदा लिहायची, पण बोलायची नाहीत. पॅरिसला ते लोक 'पारी' म्हणतात. क्रियापदांची रूपंही खूप. त्याला एकच उपाय, रोज पाढ्यांसारखं पाठांतर. सोपं आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण मराठी माध्यमाच्या मुलाला जमणार नाही, हेही खरं नाही.

शिकायचं कुठे?

पुण्यात फर्ग्युसन कॉलेज रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटची वास्तू आहे. तिथे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. दुसऱ्या विषयाची पदवी घेता घेता इथे प्रमाणपत्र आणि पदविका अशा एकेक पायऱ्या चढता येतात. पुढे एम.ए.ही करता येतं. मुंबई आणि गोवा विद्यापीठांतही फ्रेंच शिकवलं जातं. आपल्या मराठवाड्याला जवळचं गाव हैदराबाद. तिथल्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठात फ्रेंच विषयात पदवी घेता येते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात तर फ्रेंचचा गंधही नसलेल्या मुलांना बी.ए.ला प्रवेश मिळतो. पहिल्या वर्षी श्रीगणेशापासून शिकवतात. अशा केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून 'सीयूईटी' ही सामायिक प्रवेश परीक्षा आहे. कोणते पेपर द्यावे लागतात, ते त्या त्या वर्षीच्या माहितीपत्रकात नीट वाचा. आणि हो, इंग्रजी सोडू नका बरं का! सुरुवातीची बरीच पुस्तकं फ्रेंच समजावतात ती इंग्रजीतूनच.

नुसती भाषा नव्हे

विद्यापीठात व्याकरणाबरोबर साहित्य, इतिहास, समाज आणि भाषांतरही शिकतात. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीतून 'स्वातंत्र्य, समता, बंधुता' ही घोषणा जगभर गेली. हे शब्द तुम्ही शाळेत संविधानाच्या उद्देशिकेत रोज म्हणता. पण १९५४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आकाशवाणीवरच्या भाषणात सांगितलं, की ही तत्त्वं आपण फ्रेंच राज्यक्रांतीतून उसनी घेतलेली नाहीत, ती बुद्धांच्या शिकवणीतून घेतली आहेत. शब्द तेच, पण मुळं वेगळी! संस्कृतीचा अभ्यास म्हणजे अशी मुळं शोधणं.

फ्रेंच म्हणजे फक्त फ्रान्स, असंही नाही. बेल्जियम, स्वित्झर्लंड, कॅनडाचा क्वेबेक प्रांत, आफ्रिकेतला सेनेगल इथेही ती चालते. आफ्रिकेत ती पोचली फ्रेंच राज्यकर्त्यांबरोबर. आपली पुदुच्चेरीसुद्धा १९५४ पर्यंत फ्रेंचांच्याच ताब्यात होती.

आता सगळ्यात मोठी गंमत. 'आपल्याला काय करायची फ्रेंच?' या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. मराठी कशी घडली, संस्कृत-प्राकृतातून बदलत बदलत आजच्या रूपाला कशी आली ('हस्त'चं 'हत्थ' आणि 'हत्थ'चं 'हात'!), याचा शास्त्रीय इतिहास सांगणारा मोठा ग्रंथ लिहिला तो झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने. १९२० मध्ये पॅरिसला छापलेला हा ग्रंथ होता फ्रेंच भाषेत. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी त्याचा मराठी अनुवाद केला, तो आला १९४१ मध्ये. म्हणजे मधली एकवीस वर्षं आपल्याच भाषेची ही गोष्ट मूळ ग्रंथात वाचायला फ्रेंच येणं भाग होतं!

ब्लॉक एकटे नव्हते. गी दलरी यांनी तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले. गी प्वातव्हँ हे तर पुण्यातच स्थायिक झाले. त्यांनी हेमा राईरकर यांच्याबरोबर खेड्यापाड्यांतल्या बायांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, एक लाखाहून अधिक! परक्या देशातून आलेल्यांना आपल्या ओव्यांचं मोल कळलं. मग नामदेवांच्या नर्सीच्या जिल्ह्यातल्या मुलाने किंवा मुलीने फ्रेंच शिकून आपलं धन तिकडे का नेऊ नये?

आणि पोटाचं काय?

आई-बाबांनो, हा भाग तुमच्यासाठी. सहा महिन्यांच्या वर्गाने नोकरी मिळत नाही. 'तीस दिवसांत फ्रेंच' अशा जाहिरातींना भुलू नका. जगभर मान्य असलेल्या 'देल्फ' परीक्षेच्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चार पायऱ्या आहेत. कामाला यावी अशी भाषा साधारण बी-२ च्या सुमारास येते. तिथे पोचायला नेटाने केलेली काही वर्षं लागतात. पुढे शिक्षक, भाषांतरकार, दुभाषी, पर्यटन, फ्रेंच भाषेत व्यवहार करणाऱ्या कंपन्या असे मार्ग आहेत. भाषेला आणखी एखाद्या विषयाची किंवा कौशल्याची जोड असेल, तर उत्तमच. २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थी आपल्याकडे यावेत, असं उद्दिष्टही फ्रान्सने जाहीर केलं आहे.

खर्च, वसतिगृह, घरापासून दूर राहणं या अडचणी आहेतच. त्यांचा हिशेब आधी घरात बसून मोकळेपणी मांडा. पण 'ही वाट आपल्यासाठी नाहीच' असं म्हणून पाटी पुसून टाकू नका.

तर दोस्तांनो, आज एवढंच करा. आजीकडून विसावर मोजायला शिका. जमलं, तर निम्मे फ्रेंच आकडे समजलेच म्हणा! आणि पुढच्या वेळी वारंगा फाट्यावर गाडी थांबली, की पाट्या वाचता वाचता तिथे नसलेली एक पाटीही मनात वाचून बघा. बों व्हुआयाज! म्हणजे, प्रवास सुखाचा होवो!